काळ्या रंगाला पैसे पडत नाहीत

परग्रहावरून कोणी आलंच तर ते न्यूयॉर्कला उतरणार, हे सिनेमांनी आपल्या डोक्यात पक्कं बसवलंय. उतरायला मोठं शहर, उडवायला मोठी इमारत आणि शेवटी भाषण ठोकायला राष्ट्राध्यक्ष. दिग्दर्शक जो कॉर्निशच्या ‘अटॅक द ब्लॉक’मध्ये मात्र ते दक्षिण लंडनमध्ये, कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, भाड्याच्या घरांच्या एका टॉवरपाशी येऊन पडतात. समोर लष्कर नाही, शास्त्रज्ञ नाहीत. हुडी घातलेली पाच पोरं आहेत आणि त्यांनी नुकताच कामावरून घरी चाललेल्या एका बाईला सुरा दाखवून तिचा फोन, पर्स आणि बोटातली अंगठी काढून घेतलीय. शेजारी उभ्या असलेल्या गाडीवर आभाळातून काहीतरी आदळतं. बाई पळून जाते. मोझेस नावाचा पोरगा गाडीत वाकून बघतो, आतलं जनावर त्याच्या चेहऱ्यावर ओरखडा काढतं, आणि मित्रांसमोर इज्जत जाऊ नये म्हणून तो त्याचा पाठलाग करून त्याला ठार मारतो. वर त्याचं मढं मिरवत टॉवरमध्ये घेऊन जातो. पुढची सगळी रात्र या एका माजाची किंमत आहे.

गोष्ट मी फोडणार आहे. सिनेमा २०११चा आहे, एवढी वर्षं थांबलात तर आता तक्रार करू नका.

आधी मी कोण ते सांगते, म्हणजे मी एका काळ्या ढिगाऱ्याबद्दल इतकं का लिहितेय ते कळेल. मी गोरेगावच्या एका स्टुडिओत रोटो करते. रोटो म्हणजे काय हे माझ्या आईला अजून धड सांगता आलेलं नाही, नातेवाइकांना ती ‘कॉम्प्युटरवर असते’ एवढंच सांगते. काम असं: परदेशातल्या कुठल्या तरी सिनेमाचा शॉट येतो, त्यातल्या माणसाच्या कडेकडेने मी रेघ ओढते, म्हणजे त्याच्यामागचं आकाश बदलता येतं किंवा त्याच्यामागे स्फोट घालता येतो. सेकंदाला चोवीस फ्रेम. माणूस हलला की रेघ हलवायची. बोटं वेगळी, केस वेगळे, कान वेगळा. शेवटी हातात येतो तो मॅट: माणूस पांढरा, बाकी सगळं काळं. नाक नाही, डोळे नाहीत, नुसता आकार. हॉलिवूडचे मोठमोठे चेहरे मी आयुष्यात असे पाहिलेत, पांढऱ्या भोकांसारखे.

त्यामुळे मी भुताखेतांचे आणि राक्षसांचे सिनेमे घाबरायला बघत नाही. कडा बघते. केसाळ जनावर पडद्यावर आलं की माझ्या पोटात गोळा येतो तो वेगळ्याच कारणाने. फर हा आमच्या धंद्यातला शाप आहे. प्रत्येक केस वाऱ्यावर वेगळा हलतो, प्रत्येकावर वेगळा उजेड पडतो आणि बिलाचा आकडा त्याच्यासोबत वाढत जातो.

आणि या सिनेमातलं जनावर अख्खं केसाळ आहे! मोठ्या अस्वलाएवढं, चार पायांवर धावणारं, गोरिलासारखे पुढचे हात लांब. पोरं त्याला सरळ गोरिला-लांडगा म्हणतात. डोळे नाहीत. तोंड उघडलं की दातांच्या रांगा, आणि त्या दातांना निळसर हिरवा उजेड. बाकी सगळं शरीर काळं. साधं काळं नाही, ज्यावर कुठेही चकाकी पडत नाही असं काळं. रस्त्यावरच्या दिव्याखाली आलं तरी त्याच्यावर दिव्याचा उजेड पडत नाही. पडद्यात कोणीतरी कात्रीने भोक पाडलंय आणि ते भोक तुमच्या दिशेने धावत येतंय असं वाटतं.

मी सवयीप्रमाणे एक फ्रेम थांबवून ब्राइटनेस पूर्ण वर नेला. आम्ही कामावर हेच करतो, काळ्यावर काळं असलं की गॅमा चढवायचा, मग कड दिसते. इथे भिंत उजळली, कोपऱ्यातला कचरा दिसला, जिन्याचा कठडा दिसला. जनावर होतं तसंच. त्याच्या पोटात काहीच नव्हतं. मी एकटीच टाळ्या वाजवल्या.

हे केलं कसं, तर जुन्या आणि नव्याची मोट बांधून. टेरी नोटरी नावाचा एक मूळचा जिम्नॅस्ट आहे, तो आणि त्याचे साथीदार खरोखरच केसाळ सूट घालून सेटवर पळाले. हा नोटरी नंतर माकडांच्या मोठमोठ्या सिनेमांमध्ये नटांना चार पायांवर चालायला शिकवत होता. २०१७च्या किंग काँगमागेही तोच होता. सूट अमेरिकेतल्या स्पेक्ट्रल मोशनने बनवला. मग स्वीडनच्या फिडो नावाच्या स्टुडिओने संगणकावर काय केलं, तर बहुतेक ठिकाणी जे करतात त्याच्या उलट. सगळीकडे सूटमधल्या माणसावर तपशील चढवतात: स्नायू, शिरा, ओलसर कातडी, डोळ्यांत पाणी. इथे तपशील काढून टाकला. सूटच्या सुरकुत्या, फरवरची चमक, आतल्या माणसाचे खांदे, सगळं बुजवून सपाट काळं. कडेला फक्त थोडे काटेरी केस ठेवले.

म्हणजे पाहा, पैसे नव्हते म्हणून त्यांनी राक्षस अंधारात लपवला नाही. गरिबीतल्या सिनेमांची ती नेहमीची युक्ती, सावली दाखवा, शेपटी दाखवा, किंकाळी ऐकवा. यांचा राक्षस उजेडात येऊन उभा राहतो, पूर्ण दिसतो, आणि तरी त्यात बघण्यासारखं काही सापडत नाही. शिवाय सेटवर खरंच एक सहा फुटी माणूस अंगावर धावून येतोय, त्यामुळे पोरांच्या चेहऱ्यावरची भीती, संगणकावर नंतर येणाऱ्या राक्षसाच्या जागी काठीला बांधलेल्या टेनिसच्या बॉलकडे बघून आणलेली नाही. हा फरक मला लगेच कळतो. काठीवरच्या बॉलकडे बघणारे नट मी रोज कापते.

गरिबी म्हटलं तरी ती ब्रिटिश गरिबी, सुमारे ८० लाख पौंड. मराठी निर्मात्याला विचाराल तर तो एवढ्यात वर्षभर सिनेमे काढेल. पण तुलना अशी करा: अमेरिकेत हा सिनेमा २९ जुलै २०११ला मोजक्याच थिएटरांत लागला, आणि नेमका त्याच दिवशी डॅनियल क्रेग आणि हॅरिसन फोर्ड असलेला परग्रहवासीयांचाच एक सिनेमा देशभर लागला. त्याचा खर्च १६ कोटी डॉलरच्या वर, म्हणजे याच्या बाराएक पट. त्यातले राक्षस कसे दिसत होते हे मला आज आठवत नाही, आणि राक्षस लक्षात ठेवणं हा माझा पोटापाण्याचा विषय आहे. अर्थात तिकीटबारीवर ‘अटॅक द ब्लॉक’ने दिवे लावले नाहीत. खर्चसुद्धा निघाला नाही.

आता पोरांकडे येते, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे.

पहिल्या प्रसंगात त्या पाच जणांना चेहरे नाहीत. डोक्यावर हुड, तोंडावर रुमाल, मागून दिवा. नुसते आकार. सॅम, म्हणजे ती लुटलेली बाई, ओव्हल स्टेशनवरून उतरून येते आणि तिला जे दिसतं तेच कॅमेरा दाखवतो: पाच मॅट. त्या काळच्या ब्रिटिश वर्तमानपत्रांनी ‘हुडी’ या कपड्याचाच बागुलबुवा केला होता, आणि सिनेमा सुरुवातीला तो बागुलबुवा जशाच्या तसा वापरतो. मग दीड तास तो दोन कामं एकाच वेळी करतो. राक्षसांमधून तपशील काढत जातो आणि पोरांमध्ये भरत जातो.

कसा, तर फार बारीक. टॉवरवर काहीतरी आलंय हे कळल्यावर पोरं हत्यारं आणायला आपापल्या घरी जातात. आतापर्यंतचे गुंड. दार उघडल्यावर आतून आई, आजी विचारते, कुठे चाललास, कधी येणार, कुत्र्याला फिरवून आण. एकजण तलवार लपवत, एकजण फटाक्यांची पिशवी लपवत, ‘येतो गं’ म्हणत सटकतो. फक्त मोझेसच्या घरून कोणी हाक मारत नाही. ते कोणी बोलून दाखवत नाही, संवाद नाही, संगीत हळवं होत नाही. मी दुसऱ्यांदा बघताना माझ्या लक्षात आलं.

आणि मग अगदी शेवटी, सॅम मोझेसच्या रिकाम्या फ्लॅटमध्ये शिरते. गॅस सोडून राक्षसांना उडवायचा बेत आहे. आतल्या खोलीत तिला पलंग दिसतो, पलंगावर स्पायडरमॅनची चादर. ती फोनवरून विचारते, तुला धाकटा भाऊ आहे का? तो म्हणतो नाही. मग वय विचारते. पंधरा. तिला तो मोठा वाटला होता, आपल्यालाही. दीड तास हा पोरगा सेनापतीसारखा हुकूम सोडत असतो आणि त्याच्या पलंगावर स्पायडरमॅन! जॉन बॉयेगाची ही पहिली फिल्म. त्याचा चेहरा जवळपास हलत नाही, भुवया तेवढ्या हलतात. चार वर्षांनी हाच पोरगा ‘स्टार वॉर्स’मध्ये होता. सॅमचं काम करणारी जोडी व्हिटेकर पुढे ‘डॉक्टर हू’ झाली, त्या मालिकेतली पहिली बाई डॉक्टर. नशीब म्हणा किंवा निवड करणाऱ्यांची नजर म्हणा.

हा सिनेमा मी माझ्या भाच्यासोबत, म्हणजे दादाच्या मुलासोबत बघितला. तो बारावीला आहे, म्हणजे मोझेसपेक्षा मोठा. सुरुवातीलाच त्याने निकाल दिला, “आत्या, हे चोर आहेत, यांना राक्षसाने खाल्लं तर मला काही वाटणार नाही.” अमेरिकेत या पोरांची बोली कळणार नाही म्हणून खाली सबटायटल टाकायचा विचार चालला होता, आमच्या घरात मला सबटायटल लागल्या, त्याला नाही. तो दिवसभर लंडनचा रॅप ऐकतो, ते सगळे ‘ब्रव’ आणि ‘ट्रस्ट’ त्याला पाठ आहेत. मध्यावर त्या पाचांतला जेरोम धुरात हरवतो तो प्रसंग आला. कॉरिडॉरमध्ये फटाके फोडून पोरांनी धूर केलाय, पलीकडे जायचंय, जेरोम मागे राहतो, आणि धुरात निळ्या दातांची एक रांग तरंगत पुढे येते. शरीर दिसत नाही, नुसते दात. भाचा उशी छातीशी धरून बसला होता. जेरोम गेल्यावर म्हणाला, “तो चष्मेवाला नको होता मरायला.” मी काही बोलले नाही. तासापूर्वी चोर होता, आता चष्मेवाला झाला होता.

सिनेमा त्यांना माफ करतो का? यावर तिकडे बराच वाद झाला, आणि मला तो वाद रास्त वाटतो. सॅमला आपण लुटलं ती आपल्याच टॉवरमध्ये राहते हे कळल्यावर एक पोरगा साधारण असं म्हणतो, की इथे राहतेस हे माहीत असतं तर लुटलं नसतं. सॅमला ते पटत नाही आणि ती तसं तोंडावर सांगते. दुसरीकडे राहत असते तर चाललं असतं का? याचं उत्तर सिनेमा देत नाही, बरं करतो. पुढे एकाच्या पायाचा लचका तोडला जातो, सॅम शिकाऊ नर्स असते, ती पट्टी बांधते. हात थरथरत नाहीत पण चेहऱ्यावर राग तसाच. ही माफी वगैरे नाही, ही ड्यूटी आहे.

कॉर्निशला स्वतःला त्याच्या राहत्या भागात पोरांनी लुटलं होतं, तिथून ही कल्पना निघाली. लुटणारी पोरं वयाने लहान होती आणि आपल्याइतकीच घाबरलेली होती असं त्याला वाटलं, हे त्याने मुलाखतींत सांगितलंय. मग तो दक्षिण लंडनमधल्या युवक केंद्रांत गेला, तिथल्या मुलांना गोष्ट सांगितली, तुम्ही असता तर काय केलं असतं ते विचारलं आणि त्यांची उत्तरं त्यांच्याच भाषेत उतरवून घेतली. म्हणून यातली पोरं राक्षस बघून शास्त्रीय प्रश्न विचारत नाहीत. फोनमध्ये बॅलन्स किती उरलाय यावर भांडतात.

सिनेमा ब्रिटनमध्ये मे २०११मध्ये लागला. ऑगस्टमध्ये टॉटनहॅममध्ये पोलिसांच्या गोळीने मार्क डग्गन मेला आणि लंडन पेटलं. हुडी घातलेली पोरं पुन्हा पहिल्या पानावर, पुन्हा मागून दिवा. मोझेसचा सिनेमातला एक सिद्धांत आहे, की हे राक्षस सरकारनेच पाळले असतील. आधी वस्तीत ड्रग्ज पाठवली, मग बंदुका, तरी आम्ही मरत नाही म्हणून आता हे. पोरं त्यावर मान डोलावतात. मे महिन्यात थिएटरमध्ये लोक त्यावर हसले असतील. ऑगस्टनंतर किती हसले असतील, कोण जाणे.

रात्र कोणती निवडलीय हेही पाहा. पाच नोव्हेंबर, गाय फॉक्सची रात्र. १६०५मध्ये संसद उडवायचा कट फसला त्याची आठवण म्हणून इंग्लंडभर शेकोट्या आणि फटाके. त्यामुळे आभाळातून पेटते गोळे पडताहेत आणि कोणी मान वर करत नाही. स्फोट ऐकून कोणी पोलिसांना फोन करत नाही. लक्ष्मीपूजनाच्या रात्री डोंबिवलीत अख्खी उडती तबकडी उतरली तरी आमच्या सोसायटीत एवढंच म्हणतील, चौथ्या मजल्यावरच्यांनी या वर्षी जरा जास्तच खर्च केलेला दिसतो. पटकथेच्या दृष्टीने हा एका दगडात तीन पक्षी मारणारा प्रकार आहे: आक्रमण लपतं, पोरांच्या हातात आपोआप दारूगोळा येतो, आणि सेटवर आकाशात रंगीत उजेड फुकटात भरता येतो.

टॉवरचं नाव विंडम. ब्रिटिश विज्ञानकथालेखक जॉन विंडमवरून ठेवलेलं, आणि परिसराच्या नकाशातली बाकीची नावंही अशीच लेखकांची. असा टॉवर प्रत्यक्षात नाही. तीन-चार वस्त्यांचे तुकडे जोडून तो उभा केलाय. त्यातली एक म्हणजे एलिफंट अँड कॅसलची हेगेट इस्टेट. १९७४मध्ये पूर्ण झालेली, बाराशेच्या आसपास घरं, काँक्रीटचे लांबच लांब ठोकळे आणि त्यांना जोडणारे हवेतले पूल. शूटिंग झालं २०१०मध्ये, तेव्हा बहुतेक लोकांना तिथून हलवलेलं होतं, म्हणून रात्र रात्र सायकली आणि मोपेड पळवता आल्या. २०१४पर्यंत ती सगळी पाडून झाली. आता तिथे नवे टॉवर आहेत आणि जुन्या भाडेकरूंना परवडतील अशी घरं त्यात थोडकीच. पुलांवरून पोरांचा तो पाठलाग पाहताना माझी नजर एकदाही कडेवर गेली नाही, वस्तीवरच राहिली.

सगळंच जमलंय असं नाही. हाय-हॅट्झ नावाचा ड्रग्जवाला आहे, तो फक्त ओरडतो आणि पिस्तूल हलवतो. राक्षसांमधून काढलेला तपशील याच्यात भरायला ते विसरले. निक फ्रॉस्टला पोस्टरवर मोठा ठेवला, पण त्याला काम म्हणजे सोफ्यावर बसून गांजाच्या खोलीची राखण करणं. पोरींना एकच प्रसंग मिळालाय, त्यात त्या हाताला लागेल ते घेऊन राक्षसाला असा चोप देतात की पुढचा सिनेमा यांच्यावर का नाही असं वाटतं. आणि राक्षस मोझेसच्याच मागे का लागलेत याचा उलगडा, मारलेली मादी होती, तिचा वास त्याच्या कपड्यांना लागलाय, नर त्या वासावर येतायत, हा एका गांजेकस विद्यार्थ्याच्या तोंडून घाईघाईत येतो. मला मात्र उलगडा आवडला. कोणी पृथ्वी जिंकायला आलेलं नाही. मोझेसने केलं ते मोझेसच्या मागे आलंय, आणि हे तो स्वतःच्या तोंडाने कबूल करतो, सॅमच्या समोर.

संगीत बेसमेंट जॅक्स आणि स्टीव्हन प्राइस यांचं. ब्रिक्स्टनच्या क्लबांमधला धपधप आवाज आणि जुन्या विज्ञानपटांतली ऊँ-ऊँ करणारी शिट्टी असं ते मिश्रण आहे. प्राइसला पुढे ‘ग्रॅव्हिटी’साठी ऑस्कर मिळालं. इथेही तो कमी नाही.

२०२१मध्ये दुसऱ्या भागाची घोषणा झाली, कॉर्निश आणि बॉयेगा दोघंही आहेत. भाचा खूश आहे, मला धास्ती आहे. या वेळी पैसे जास्त असणार, आणि पैसे आले की कोणीतरी मीटिंगमध्ये म्हणणारच, राक्षसाला जरा डोळे देऊ या, कातडीला जरा टेक्श्चर देऊ या. मग तो शॉट रोटोला येईल. गोरेगावलाच येईल, काय सांगावं!

तोवर पहिला भाग बघा. फक्त एक करा, टीव्हीचा व्हिव्हिड मोड आधी बंद करा. शोरूमवाले तो चालू करूनच टीव्ही घरी पाठवतात, आणि त्यात काळ्याचं राखाडी होतं. ट्यूबलाइट बंद, मोबाइल पालथा, आणि कॉरिडॉरच्या प्रसंगाला आवाज दोन पॉइंट वाढवा.